गाऱ्हाण्यापासून आशेपर्यंत: दुःखाच्या काळात ख्रिस्ती विश्वास कसा धरून ठेवावा

घरात मोठं आजारपण आलं, माणूस गेलं, नोकरी गेली किंवा संसार मोडला, की मंडळीतून पहिला सल्ला येतो, “विश्वास ठेवा, प्रभू सगळं ठीक करील.” सांगणाऱ्याचं मन चांगलं असतं. पण ज्याच्यावर वेळ आली आहे त्याने सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे सहसा कोणी सांगत नाही. प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाहीत, पवित्र शास्त्र उघडलं की ओळी डोळ्यांपुढून नुसत्या सरकतात, आणि रविवारी देवळात स्तुतीची गीतं सुरू झाली की उठून बाहेर जावंसं वाटतं. हे सगळं होतं. त्यावरून तुमचा विश्वास संपला असं कोणी ठरवू नये, तुम्हीही ठरवू नका.

पवित्र शास्त्रात आशेकडे जाणारी वाट गाऱ्हाण्यातून जाते. ते गाऱ्हाणं गिळून थेट आभारप्रार्थनेवर जाण्याचा प्रयत्न केला की काही आठवडे निभतं, मग माणूस देवाशी बोलणंच सोडतो. म्हणून खालचा क्रम शक्यतो मोडू नका.

आधी शरीर

पवित्र शास्त्रातल्या १ राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. त्याला उपदेश मिळत नाही. त्याला झोप मिळते. मग देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी असतं. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घालतो. होरेब डोंगरापर्यंतची चाळीस दिवसांची वाट आणि देवाशी बोलणं, हे सगळं त्यानंतर.

हाच क्रम तुमच्यासाठी. पहिल्या दोन आठवड्यांत प्रार्थनेचा नियम करण्याआधी दोन वेळचं जेवण आणि झोप यांचा नियम करा. दवाखान्यात राहणाऱ्याने सकाळी काहीतरी खाल्ल्याशिवाय वॉर्डात जायचं नाही, आणि एक रात्र सोडून एक रात्र दुसऱ्या कोणाला तरी तिथे झोपवायचं. उपास-प्रार्थना या काळात टाळा. जो आधीच जेवत नाही त्याच्या उपासाला अर्थ राहत नाही, आणि मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ते धोक्याचंही आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक गेलेली असेल, रोजची कामं हातून होत नसतील, तर डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार मनात येत असतील तर एक दिवसही थांबू नका. सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते, मराठीत बोलता येतं. गोळी घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास, असं कोणी म्हणालं तर लक्ष देऊ नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, आणि प्रेषित पौलाने त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटलं आहे. पाळकसाहेब किंवा फादर मानसोपचारतज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाहीत. जे चांगले असतात ते स्वतःच तसं सांगतात.

गाऱ्हाणं कसं मांडायचं

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, आणि त्यातला सर्वांत मोठा गट विलापाचा आहे. देवाच्या लोकांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात तक्रारीला एवढी जागा मिळाली आहे, हे लक्षात घेतलं की अर्धं ओझं उतरतं. सुरुवात तेराव्या स्तोत्रापासून करा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. पुढच्या दोनांत मागणी आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे. शेवटच्या दोनांत भरवसा. हाच साचा घेऊन स्वतःचं गाऱ्हाणं लिहायचं.

शंभरपानी वही घ्या, मोबाइलवर नको. मोबाइलवर मध्येच मेसेज येतात आणि आपण दवाखान्याच्या बिलात शिरतो. दिवसातली दहा मिनिटं पुरतात, पण वेळ आणि जागा रोज एकच ठेवा. चार भाग लिहा: प्रभूला हाक, जे झालं आहे ते जसंच्या तसं, आज हवी असलेली एक-दोन गोष्टींची मागणी, आणि शेवटी भरवशाची एक ओळ. ही चौथी ओळ खरी असेल तरच लिहायची. नवऱ्याचं डायलिसिस चालू असलेल्या बाईचं गाऱ्हाणं साधारण असं होईल:

“प्रभू येशू, मी बोलतेय. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास ह्यांना मशीनला लावतात आणि मी बाहेरच्या बाकावर बसते. दोन वर्षं झाली. तू आंधळ्यांना दृष्टी दिलीस, मग ह्यांच्या किडनीचं तुला काय जड आहे? मला तुझा राग येतो, आणि त्या रागाची भीतीही वाटते. या शनिवारी मध्येच ह्यांचं बीपी पडू देऊ नकोस. मला रात्री चार तास सलग झोप दे. तुझ्यावर भरवसा आहे, असं आज मला म्हणवत नाही. पण बोलतेय ती तुझ्याशीच.”

मागणी किती छोटी आहे पाहा: हा शनिवार, चार तासांची झोप. ‘सगळं नीट कर’ एवढंच मागितलं की काय मिळालं आणि काय नाही हे कधी कळतच नाही. छोटी मागणी मान्य झाली तर दिसते, आणि नाही झाली तर त्याबद्दलही दुसऱ्या दिवशी देवाशी बोलता येतं. चौथी ओळही पाहा. भरवसा नसताना ‘भरवसा आहे’ लिहिलेलं नाही, तरी ते बोलणं प्रभूशीच आहे. विलाप करणारा देवाकडे पाठ फिरवत नाही, देवाच्या तोंडावर बोलतो. ख्रिस्ती आशेचं पहिलं रूप बहुतेकदा एवढंच असतं, आणि ते पुरेसं असतं.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. काही जण लिहिलेलं पुन्हा वाचून घाबरतात आणि पान फाडतात. फाडू नका. खुद्द येशूने वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ मोठ्याने म्हटली, तू माझा त्याग का केलास असा प्रश्न असलेली. दुसरं असं, की काही जण गाऱ्हाणं लिहिता लिहिता सासूबद्दल, दिराबद्दल, डॉक्टरबद्दल लिहीत राहतात. राग खरा असेलही, पण वाक्य ‘प्रभू’ या हाकेकडे वळवा. नाहीतर वही भरते आणि मन आणखी कडू होतं.

लिहिणं जमत नसेल तर मोठ्याने बोला. तेही जमत नसेल तर गप्प बसा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलं आहे की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी विनंती करतो.

काय वाचावं आणि काय तूर्त बाजूला ठेवावं

पहिल्या महिन्यात पाचच स्तोत्रं आलटून पालटून वाचा: १३, ४२, ७७, ८८ आणि १३०. रोज एक, आवाज काढून. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र बहुतेक लोक वगळतात, कारण त्याचा शेवट अंधारातच होतो, दिलाशाची एकही ओळ येत नाही. आमच्या मते त्याच कारणासाठी ते वाचायला हवं. ज्याच्या आयुष्यात अजून उजाडलेलं नाही त्याच्यासाठीही पवित्र शास्त्रात एक पान राखलेलं आहे.

दुसऱ्या महिन्यात विलापगीत घ्या. पाच अध्याय, यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यानंतरचे. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे प्रसिद्ध वचन तिसऱ्या अध्यायात आहे, म्हणजे पुस्तकाच्या ऐन मध्यावर. त्यानंतर चौथ्या-पाचव्या अध्यायांत पुन्हा रडणं आहे आणि पुस्तक जवळजवळ प्रश्नावरच संपतं. म्हणून एखाद्या दिवशी मन हलकं झालं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोसळलं, तर आशा खोटी होती असं समजू नका. पुस्तकाचा आकारच तसा आहे.

ईयोब सलग बेचाळीस अध्याय वाचायला घेऊ नका. मधली मित्रांची भाषणं फसवी आहेत. ऐकायला धार्मिक वाटतात, पण बेचाळिसाव्या अध्यायात देव स्वतः त्या मित्रांवर रागावतो. अध्याय १ ते ३, मग २३, मग ३८ आणि ४२ एवढं वाचा. त्याच मित्रांनी सुरुवातीला मात्र एक गोष्ट बरोबर केली होती. ते सात दिवस आणि सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर काही न बोलता बसले. बोलायला लागले तेव्हा बिघडलं.

यिर्मया २९:११, तुमच्याविषयीच्या माझ्या योजना हिताच्या आहेत अशा अर्थाचं, हे भिंतीवरच्या कॅलेंडरचं लाडकं वचन. ते नवीन जखमेवर लावू नका. बाबेलमध्ये नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं ते वाक्य आहे, आणि त्याच्या आधीच्याच ओवीत सत्तर वर्षं थांबावं लागेल असं सांगितलं आहे. पूर्ण पत्र वाचलं की त्या वचनाचं वजन वाढतं. तिथे घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा असंही सांगितलं आहे, म्हणजे संकट लवकर टळणार नाही हे मान्य करून जगायला शिका.

पहाटे तीनला जाग येते त्यासाठी वेगळी तयारी ठेवा. दिवा लावून मोबाइल हातात घेतला की झोप गेलीच. त्याऐवजी एकशे तिसाव्या स्तोत्रातली पहारेकऱ्याची ओवी पाठ करा: पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो, अशा अर्थाची. पहिला अर्धा भाग श्वास आत घेताना, दुसरा सोडताना, वीस-पंचवीस वेळा. कॅथलिक घरांत हे काम जपमाळ करते. पाचही रहस्यं पूर्ण झाली नाहीत तरी चालेल, एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा एक भाग, पुरे.

चार माणसं

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण उचलून आणतात आणि छप्पर उघडून खाली सोडतात. येशूने त्या चौघांचा विश्वास पाहिला, असं तिथे लिहिलं आहे. आजाऱ्याच्या विश्वासाचा उल्लेखही नाही. तुमचा विश्वास आज जागेवर नसेल तर दुसऱ्यांच्या विश्वासावर झोपून राहायला परवानगी आहे.

नातेवाईक चाळीस असतात, पण कामाची माणसं नेमावी लागतात. एकाकडे डब्याचं काम द्या, म्हणजे कोणत्या दिवशी कोणाचा डबा हे तो ठरवील. दुसरं माणूस नुसतं येऊन बसणारं हवं, सल्ला न देणारं. तिसऱ्याकडे फोन आणि मेसेज, म्हणजे तुम्हाला तीच बातमी वीस वेळा सांगावी लागणार नाही. चौथं माणूस कागदपत्रांचं, आणि हे फार महत्त्वाचं. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. दाखल होतानाच तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा, रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही तेव्हाच विचारा. बिल हातात आल्यावर धावाधाव करून फारसं काही हाती लागत नाही. हे काम करणारा माणूसही सेवाच करतो, हे मंडळीत मोठ्याने सांगितलं गेलं पाहिजे.

प्रार्थनेची विनंती ग्रुपवर टाकताना मोघम लिहू नका. ‘आमच्या घरासाठी प्रार्थना करा’ म्हटलं की फोन सुरू होतात आणि तर्कही. असं लिहा: “आईची बायपास बुधवारी सकाळी आहे. बुधवारी रात्रीपर्यंत प्रार्थना करा. कृपया फोन करू नका, संध्याकाळी भाऊ इथेच कळवील. हा मेसेज दुसऱ्या ग्रुपवर पाठवू नका.”

भेटायला जाणाऱ्यांनी

पंधरा मिनिटं. बसायला खुर्ची नसेल तर दहा. जनरल वॉर्डात मोठ्याने प्रार्थना नको, शेजारच्या खाटेवरही आजारीच माणूस आहे. हात ठेवून प्रार्थना करायची तर आधी विचारा. तेविसावं किंवा एकशे एकविसावं स्तोत्र हळू आवाजात म्हणा, दोन वाक्यांची प्रार्थना करा आणि निघा. ‘देवाला चांगली माणसं लवकर हवीशी वाटतात’, ‘प्रभू तुमची परीक्षा घेतोय’, ‘कुठलं पाप राहिलंय का बघा’, ही वाक्यं घरीच ठेवून जा. शेवटचं तर शिष्यांनीच एका जन्मांध माणसाबद्दल विचारलं होतं, कोणी पाप केलं, याने की आईबापांनी. येशूने दोन्ही नाकारलं. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले तेव्हाही, ते इतरांपेक्षा अधिक पापी होते असं नाही, हे त्याने स्पष्ट सांगितलं. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी, त्याला आपण उठवणार हे माहीत असूनही, तो आधी रडला.

कॅथलिक कुटुंबांत एक चूक नेहमी होते. आजाऱ्यांना पवित्र तेल लावण्याच्या संस्कारासाठी फादरना अगदी शेवटी बोलावतात, कारण ते आले की आजारी माणूस घाबरेल अशी भीती असते. हा संस्कार फक्त मरणाऱ्यांसाठी नाही. मोठ्या शस्त्रक्रियेआधी घेता येतो, आजार वाढला तर पुन्हाही घेता येतो. माणूस शुद्धीवर असताना, स्वतः ‘आमेन’ म्हणू शकत असताना बोलवा. कम्युनियनआधीचा तासाभराचा उपास आजाऱ्याला आणि त्याची देखभाल करणाऱ्यांना लागू नाही. प्रोटेस्टंट घरांत पाळकांना प्रभुभोजन घेऊन घरी किंवा दवाखान्यात येण्याची विनंती करता येते. लोक संकोचाने विचारत नाहीत, एवढंच.

‘विश्वास कमी पडला’

सर्वांत जास्त इजा करणारं वाक्य हेच. प्रार्थना केली, बरं वाटलं नाही, म्हणजे तुमचा विश्वास कमी पडला. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली, तो गेला नाही, पण कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं. आपला सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने थोडा द्राक्षारस सुचवला. दुसरा सहकारी त्रफिम, त्याला तो मिलेत शहरात आजारी ठेवून पुढे गेला. प्रेषिताच्या अवतीभवतीही आजार राहिले.

तेव्हा एखादी प्रार्थनासभा औषधं थांबवायला सांगत असेल, दानाची रक्कम आणि बरं होणं यांची सांगड घालत असेल, किंवा बरं न झाल्याचा दोष आजाऱ्यावर टाकत असेल, तर तिथून उठा. बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करावी, याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंच आहे. पण इन्सुलिन, फिट्सची गोळी, डायलिसिस, यातलं काहीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय थांबवायचं नाही.

केडगावचा दाखला

पुणे–दौंड लोहमार्गावर केडगाव आहे, तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. तान्ही मनोरमा कडेवर घेऊन त्या त्याच वर्षी पुण्यात आल्या. पुढच्या वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८९६–९७ च्या दुष्काळात उपाशी आणि निराधार मुलींना त्यांनी शोधून आणलं. दुष्काळ काय असतो हे त्यांना आतून ठाऊक होतं. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, आणि १९२२ मध्ये रमाबाई. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी अखेरच्या काळापर्यंत सोडलं नाही.

दुःखाला काम मिळालं की आशा हाताला लागते, हे त्यातून दिसतं. पण वेळ पाहा. पती जाणं आणि केडगाव यांच्यामध्ये बरीच वर्षं आहेत. माणूस गेल्यावर तीन महिन्यांत कोणी महिला मंडळाचं सचिवपद गळ्यात घालत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. सहा-आठ महिन्यांनी एक छोटं काम घ्या, आठवड्यातून एकदा तासाभराचं: आजाऱ्याला डबा, एकट्या राहणाऱ्या आजींना फोन. काम करून आल्यावर आणखी रिकामं वाटत असेल तर अजून वेळ आलेली नाही.

देवळात परत जाताना

पुण्यात मराठी उपासनेला पेठांत पंचहौदचं पवित्र नाम देवालय आहे, कसब्यात ब्रदर देशपांडे चर्च, कर्वे रस्त्यावर सेंट क्रिस्पिन्स. कुठल्याही देवळात आठवड्याच्या मधल्या दिवशी नुसतं बसायला जाता येतं, फक्त उघडं केव्हा असतं ते आधी विचारून घ्या. गर्दीच्या रविवारआधी असा एक फेरा मारलेला बरा. मग रविवारी एका माणसाबरोबर जा, दाराजवळच्या बाकावर बसा, गाता येत नसेल तर इतरांना गाऊ द्या. मध्येच उठावंसं वाटलं तर उठा, कोणाला कारण सांगायची गरज नाही. मंडळ्यांत वर्षातली एक उपासना दुःखितांसाठी सहज बसवता येते: शुभ शुक्रवारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन असतंच. सांत्वनाची घाई न करणारी ही उपासना आहे, चुकवू नका.

पहिल्या वर्षाच्या तारखा कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा: वाढदिवस, लग्नाचा दिवस, निधनाचा दिवस. कॅथलिक घरांत २ नोव्हेंबरला दफनभूमीत जायचं असतं. त्या दिवशी कबर साफ करायचं आणि फुलं आणायचं काम मुलांना द्या, त्यांनाही काहीतरी करायचं असतं.

पहिला नाताळ सर्वांत कठीण. कॅरोल पार्टी घरी यावी की नको, हे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच तरुण संघाला कळवा, नाहीतर रात्री अकराला ढोलकी वाजवत पंधरा जण दारात येतात आणि कोणालाच काय करावं कळत नाही. यायला सांगितलं तर एकच गीत, वाद्यांशिवाय, आणि शेवटी गेलेल्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना, एवढं आधी ठरवून घ्या. करंज्या-केक करायची ताकद नसेल तर करू नका, डब्याचं काम पाहणाऱ्या माणसाला सांगा, पार्टीच्या चहाचं तो बघील.